क्रीडांगणांची स्थलमाहात्म्ये

आपल्या जुन्या वाङ्मयात स्थलमाहात्म्य म्हणून एक प्रकार आहे. एखादे क्षेत्र घ्यावे, तेथील देवता कशी प्रकट झाली ते सांगावे, कोणत्या राजास तेथे कोणता साक्षात्कार झाला याचे रसभरित वर्णन करावे आणि अखेरीस फलश्रुति द्यावी, असा त्याचा ठराविक साचा असे. या ग्रंथांत भक्तीची उणीव नसते. उणीव असते ती दुसऱ्याच गोष्टीची. देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत कोणास जाऊ दिले जाई आणि पायरीखालीच कोणास थांबविले जाई, याविषयी माहात्म्यकार बहुधा मौन धारण करतो. हा वाङ्मयप्रकार आता लोपला असे कोणास वाटत असेल तर तो भ्रम होय. देवळांची माहात्म्ये मागे पडली, परंतु क्रीडांगणांची माहात्म्ये जोरात सुरू आहेत. आणि विशेष हे की, मौनाची ती जुनी खोड या नव्या माहात्म्यकारांनीही सोडलेली नाही.

या प्रकाराचे खरे माहेर अमेरिका. तेथील बेसबॉल हा खेळ आपल्या वाचकांस फारसा परिचित नसला तरी चिंता नाही. क्रिकेटप्रमाणेच त्यातही चेंडू, फळी आणि हजारो प्रेक्षक असतात, इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. बोस्टन शहरातील फेनवे पार्क १९१२ साली उघडले, शिकागोचे रिग्ली फील्ड १९१४ साली. ही मैदाने शहराच्या भर वस्तीत, रस्त्यारस्त्यांमधून मिळेल त्या जागेत बसविलेली. त्यामुळे त्यांचे आकार वेडेवाकडे झाले. फेनवेच्या डाव्या हातास सदतीस फुटांहून उंच अशी एक हिरवी भिंत आहे. रिग्लीच्या भिंतीवर १९३७ साली वेल लावले गेले आणि तेथे रात्रीच्या खेळासाठी दिवे लागले ते थेट १९८८ साली. ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड १९१३ साली बांधले गेले. १९५७ नंतर तेथील संघ लॉस एंजेलिसला निघून गेला, १९६० साली मैदान पाडले गेले आणि त्या जागी राहण्याच्या इमारती उठल्या. या मैदानांवर अमेरिकेत इतके लिहिले गेले आहे की, पाडलेल्या मैदानाचे ऐकून, ज्याने ते कधी पाहिले नाही त्याचाही कंठ दाटून यावा.

हे सर्व लेखन खोटे आहे असे मुळीच नव्हे. आजोबाने नातवाचे बोट धरून ज्या फाटकातून आत नेले, ते फाटक त्या नातवास साठ वर्षांनंतरही आठवावे यात अस्वाभाविक काय आहे? फेनवे आणि रिग्ली आज उभी आहेत ती पुष्कळ अंशी या आठवणींच्या बळावरच. आमचा आक्षेप आहे तो आठवणीच्या अपुरेपणावर. एबेट्स फील्डच्या माहात्म्यात एक खरा साक्षात्कार आहे: १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू तेथे खेळावयास उतरला, आणि वरिष्ठ संघांनी कित्येक दशके पाळलेला वर्णाचा विटाळ त्या दिवशी मोडला. पण ज्या फेनवे पार्कवर कौतुकाची सर्वांत अधिक शाई खर्च झाली, तेथील संघाने पहिला कृष्णवर्णीय खेळाडू घेतला १९५९ साली, म्हणजे वरिष्ठ संघांपैकी सर्वांच्या शेवटी. हिरव्या भिंतीची उंची ज्यांस मुखोद्गत आहे, त्यांतील कितीजणांच्या ओठांवर ही तारीख येते?

आपल्या भाषेत या दोषास एक नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी काहींस तूप आणि काहींस ताक वाढणे, याला आपल्याकडे पूर्वीपासून पाप मानले आहे. पाप मानले आणि नित्य केलेही आहे. कोणत्याही क्रीडांगणाचे माहात्म्य वाचताना तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते. ही जागा कोणाकडून कोणास मिळाली? येथे बसावयास कोणास मिळे? आणि खेळून दमलेल्या खेळाडूस पाणी कोणत्या भांड्यातून मिळे? ही तीन परिमाणे घेऊन आपण आपल्या मुंबईकडे वळू.

मुंबईच्या क्रिकेटविषयी लिहिल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांपैकी एक पहिल्याच प्रश्नाने भारलेला आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पारशी क्रिकेटचा वृत्तान्त लिहिला आणि त्यास युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट या झगड्याची हकीकत जोडली. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर देशी तरुण क्रिकेट खेळत. १८७५ साली स्थापन झालेल्या बाँबे जिमखान्याचे मूठभर गोरे सभासद तेथेच घोडे घालून पोलो खेळू लागले. टापांनी हिरवळ उखडली, खेळपट्ट्यांची चाळण झाली, आणि जिमखान्याची स्वतःची क्रिकेटची जागा मात्र शाबूत राहिली. तेव्हा या तरुणांनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. या पुस्तकात सृष्टिवर्णने नाहीत, पूर्वदिवसांविषयी हळहळ नाही. अर्ज, उत्तरे आणि प्रत्युत्तरे आहेत. तथापि आमच्या मते क्रीडांगणाविषयीचे प्रामाणिक लेखन कसे असावे याचा तो वस्तुपाठ आहे. गंमत अशी की, न्यूयॉर्कमधील एका प्रख्यात बेसबॉलच्या मैदानाचे नावच मुळी पोलो ग्राउंड्स असे होते. मूळची जागा पोलोसाठी होती, ती १८८० साली बेसबॉलला मिळाली, आणि पुढे जागा बदलली तरी नाव तेच राहिले. तिकडे पोलोने बेसबॉलला आसरा दिला, इकडे पोलोने क्रिकेटला हुसकावले. दोन देशांतील फरक समजण्यास एवढी एक गोष्ट पुरेशी आहे: तेथे घोडेस्वार आणि चेंडूवाले एकाच राज्याचे नागरिक होते, येथे एक राज्यकर्ता होता आणि दुसरा अर्जदार.

या झगड्यातून जो तोडगा निघाला तो चिंतनीय आहे. सरकारने समुद्राकाठी भराव टाकून काढलेली जमीन प्रथम पारशांस आणि मागाहून मुसलमान व हिंदू जिमखान्यांस दिली. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ओळीने दिसणारे ते तीन जिमखाने पाहून प्रवाशास कौतुक वाटते. परंतु त्या ओळीचा अर्थ काय? सर्वांची म्हणून जी मागणी होती, तिचे उत्तर जातवार मिळाले. एक मोठी पंगत मागितली, तीन वेगळ्या पंगती मांडून दिल्या. पुढे तिरंगी, चौरंगी आणि पंचरंगी सामने झाले, त्यांचे बीज या जमिनीच्या वाटपात आहे.

आता तिसरा प्रश्न, पाण्याच्या भांड्याचा. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले डावखुरे गोलंदाज पुण्यास आधी पारशांच्या आणि मग गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची राखण करीत, जाळे लावीत आणि साहेबांस सरावासाठी चेंडू टाकीत. त्यांचा हात पाहून पुण्याच्या हिंदूंनी त्यांस संघात घेतले. मात्र चहाच्या वेळी त्यांस मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या पात्रातून चहा मिळे. १९०६ साली हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता; १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले. तरीही संघाचे नायकत्व त्यांच्या वाट्यास आले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांस ते १९२३ साली मिळाले, तेही बंधूंनी उघड निषेध केल्यानंतर. विठ्ठल पाळवणकर यांनी आपले आत्मवृत्त 'माझे क्रीडा-जीवन' या नावाने १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले. रामचंद्र गुहा यांनी २००२ सालच्या आपल्या इंग्रजी इतिहासात या बंधूंस मानाचे पान वाढले, तेव्हा कोठे आमच्या सुशिक्षित कुटुंबांत त्यांची चर्चा सुरू झाली. आपल्याच भाषेतील पुस्तकाचा नायक आपणांस परभाषेतून कळावा, यासारखी मराठी वाचकांस लाज आणणारी दुसरी गोष्ट नाही. जॅकी रॉबिन्सनच्या चाळीस वर्षे आधी आमच्याकडे एक मनुष्य त्याच पायरीवर उभा होता. पण आम्ही पायरीविषयी लिहिले नाही, कळसाविषयी लिहिले.

कळसही उंच होता, हे मान्य केले पाहिजे. १५ डिसेंबर १९३३ रोजी हिंदुस्थानातील पहिला कसोटी सामना बाँबे जिमखान्याच्या मैदानावर सुरू झाला. कर्नल सी. के. नायडू आपले नायक, डग्लस जार्डिन इंग्लंडचा. आपण सामना हरलो, पण लाला अमरनाथ यांनी दुसऱ्या डावात ११८ धावा काढून देशाचे पहिले कसोटी शतक झळकाविले, आणि स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून त्यांस दिले असे सांगतात. हे दृश्य कोणत्याही माहात्म्यास शोभणारे आहे. परंतु त्याच चित्राच्या मागच्या बाजूस हेही आहे की, ज्या क्लबाच्या अंगणात हा सोहळा झाला, त्याचे सभासदत्व त्या काळी केवळ युरोपियनांस खुले होते. अंगण मिळाले, ओसरी मिळाली नाही. त्या मैदानावर पुढे दुसरा कसोटी सामना झाला नाही, आणि याचे दुःख करण्याचे कारण नाही.

कारण त्याच वर्षी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली होती. अँथनी डिमेलो हे तिचे चालक. बॅकबेच्या भरावातील जमीन हवी, म्हणून त्यांनी गव्हर्नर लॉर्ड ब्रेबर्न यांस विचारले की, आपणांस सरकारसाठी पैसा हवा की स्वतःसाठी अमरत्व, अशी आख्यायिका आहे. गव्हर्नरसाहेबांनी अमरत्व निवडले. क्लबाला ९०,००० चौरस वार जमीन वारास साडेतेरा रुपये दराने मिळाली. २२ मे १९३६ रोजी कोनशिला बसली, ग्रेगसन, बॅटली आणि किंग यांच्या पेढीने इमारत रचली, आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी पुढचे गव्हर्नर लम्ली यांच्या हस्ते ती उघडली. रिग्लीच्या भिंतीवर वेल लागले ते हेच साल. ब्रेबर्नसाहेब तोवर बंगालला गेले होते आणि दोन वर्षांत निवर्तलेही. त्यांनी मुंबईसाठी आणखी काय केले ते आज चर्चगेटच्या फलाटावर कोणास विचारले तर सांगता येणार नाही. पण नाव राहिले आहे. व्यवहार चोख झाला म्हणावयाचा.

ब्रेबर्न मैदान सुंदर आहे. सभासदांच्या हिरवळीवरील वेताच्या खुर्च्या, खेळाडूंचा सज्जा, समुद्रावरून येणारा वारा, या सर्वांचे वर्णन इतक्यांदा झाले आहे की येथे पुनरुक्ति नको. तेथे घडलेले प्रसंगही थोर आहेत. डिसेंबर १९४३ मधील पंचरंगी अंतिम सामन्यात हिंदूंकडून विजय मर्चंट यांनी नाबाद २५० केल्या, तर शेष संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सांगलीचा हा ख्रिस्ती तरुण एका टोकास पर्वतासारखा उभा राहिला. फेब्रुवारी १९४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध ३६१ धावांचा पाठलाग करताना आपण ८ बाद ३५५ पर्यंत पोहोचलो, आणि थोडा वेळ शिल्लक असताच पंचांनी दांड्यांवरील विट्या उचलल्या. सहा धावांची ती हुरहूर अजून जुन्या मंडळींच्या बोलण्यात येते. पण दुसरा प्रश्न विचारा: बसावयास कोणास मिळे? उद्घाटनाच्याच वर्षी, १९३७ साली, हिंदू संघ पंचरंगी सामन्यांतून बाहेर राहिला. कारण खेळपट्टीचे नव्हते, पंचांचे नव्हते. आपल्या जिमखान्यास मिळालेल्या बैठकी थोड्या, हे कारण. १९४० साली वर्ध्यास महात्मा गांधींनी जातवार संघांच्या या सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली. १९४६ नंतर ते बंदच झाले. जातवार पंगत उठली. पाटांचा तंटा मात्र उठला नाही.

तो तंटा १९७३ साली पुन्हा पेटला. क्लबाकडून सामन्याच्या बैठकी किती मिळाव्यात यावरून मुंबई क्रिकेट असोसिएशन आणि क्लब यांचे बिनसले, आणि असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, जे विधानसभेचेही अध्यक्ष होते, यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे मैदान उभारावयाचे ठरविले. शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे वर्षभरात ते उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ केल्या. त्यांचे अभिनंदन करण्यास धावलेल्या एका प्रेक्षकास मारहाण झाली आणि नव्या मैदानात दंगल उसळली. म्हणजे उंबरठा ओलांडल्याबद्दलच्या शिक्षेनेच या वास्तूची वास्तुशांत झाली. या नव्या मैदानास सौंदर्य नव्हते हे खरे. सिमेंटचे भोंगळ सज्जे, डोक्यावर ऊन, पायांशी गर्दी. परंतु टीकाकाराने येथे आवडीनिवडी बाजूस ठेवून न्याय केला पाहिजे: तक्रार न्याय्य होती. क्लबाच्या अंगणात पाहुणा म्हणून बसण्यापेक्षा स्वतःच्या ओबडधोबड ओट्यावर बसणे मुंबईच्या प्रेक्षकाने पसंत केले, आणि उत्तरेकडील सज्जातील त्या जाणत्या, खोचक, निर्भीड प्रेक्षकवर्गाने वानखेडेला जो प्राण दिला, तो कोणा स्थापत्यकाराने दिलेला नव्हे.

पुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावते. विश्वचषकासाठी वानखेडे नव्याने बांधले गेले, छत्र आले, खुर्च्या आल्या, बैठकींची संख्या घटून सुमारे ३३,००० झाली. २ एप्रिल २०११ रोजी तेथे भारताने विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्याची सर्वसामान्य लोकांस विकण्यासाठी सुमारे ४,००० च तिकिटे उरल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले होते. बाकीच्या बैठकी संलग्न क्लब, संस्था आणि मान्यवर यांच्याकडे गेल्या. ज्या असोसिएशनने पाटांच्या वाटणीवरून घर सोडले, तिच्याच घरी अडतीस वर्षांनंतर पंगत बसली तेव्हा सामान्य माणसास दारातूनच वाढप पाहावे लागले. येथे कोणा एका संस्थेस दोष देण्याचा हेतू नाही. भिंत बांधली की फाटक येते, फाटक आले की पास येतो, आणि पास आला की तो कोणाच्या तरी खिशात आधीच असतो.

म्हणून, मुंबईकराचे खरे प्रेम कोणत्या जागेवर आहे असे कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही ब्रेबर्नही सांगणार नाही आणि वानखेडेही नाही. ते आझाद मैदान आणि शिवाजी पार्क येथे आहे. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या एकमेकींस खेटून आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो, आणि तरी कोणाचा चेंडू कोणाचा यात सहसा घोटाळा होत नाही. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर मुंबईच्या फलंदाजांची परीक्षा घेते. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची भागी केली ती येथेच, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये पृथ्वी शॉ याने हॅरिस शील्डमध्ये ५४६ केल्या त्याही येथेच. पाहणाऱ्यास तिकीट नाही. कार्यालयात जाणारा कारकून घटकाभर थांबून दोन षटके पाहतो आणि पुढे जातो. ज्या एस्प्लनेडसाठी शापूरजींच्या पिढीने अर्ज लिहिले, त्याचाच हा उरलेला तुकडा आहे. पोलोचे घोडे गेले, अर्जदारांची पतवंडे खेळत आहेत. या मैदानाचे माहात्म्य कोणी लिहील तर त्यास काहीही लपवावे लागणार नाही.

पृथ्वी शॉ हा विरारचा. विरारहून निघालेली गाडी वसईची खाडी ओलांडून पहिल्यांदा थांबते ती आमच्या भाईंदरास. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य येथे असल्यामुळे पहाटेच्या गाडीत दाराशी उभी असलेली, पाठीवर स्वतःहून मोठी पिशवी वागविणारी मुले तो नित्य पाहतो. दक्षिणेस चर्चगेटपर्यंतचा सव्वा तासाहून अधिक प्रवास, तेथून मैदान, उन्हात सराव आणि पुन्हा तीच गाडी. मीरा-भाईंदरची महानगरपालिका २००२ साली झाली. २०११ च्या जनगणनेत येथील वस्ती ८ लक्ष ९ हजारांवर होती. एवढ्या माणसांत शे-दोनशे तरी मुले खरी खेळाडू असणार. त्यांनी खेळावयाचे कोठे? येथे मोकळ्या जागा मुळीच नाहीत असे नव्हे; पण मंडप, सभा आणि मेळे यांतून जे दिवस उरतात ते त्यांचे. मिठागरांपलीकडे नजर टाकली तर आभाळ अजून मोकळे दिसते, इमारतींच्या मधे ते दिसत नाही. आम्ही राहतो त्या गृहसंकुलाच्या आवारात गेल्या वर्षी एक पाटी लागली: 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.' पाटीच्या ठरावास सभेत कोणीही विरोध केला नाही. प्रस्तुत लेखकही त्या सभेस हजर होता, आणि खिडकीच्या काचेची आठवण ठेवून गप्प बसला.

हे कबूल करणे अवघड आहे, पण ते या लेखाच्या विषयाबाहेरचे नाही. जुन्या मैदानांविषयी हळहळणारे आपण सुशिक्षित लोक, ब्रेबर्नच्या सहा धावा आणि एबेट्स फील्डची पाडापाडी यांवर तासतास बोलतो. आणि दाराशी एक अंगण बंद होते तेव्हा ठरावास हात वर करतो. स्थलमाहात्म्य लिहिणाऱ्याचा जो दोष आम्ही आरंभी दाखविला, तो अशा रीतीने टीका लिहिणाऱ्याकडेही निघाला. पायरीखाली कोण थांबले आहे हे आम्हांस दिसत होते, आणि आम्ही बोललो नाही.

मोठे क्रीडागृह आमच्या गावास हवे, अशी मागणी वरचेवर ऐकू येते. आमचे मत निराळे आहे. सज्जे, छत्र आणि कोनशिला यांची घाई नको. एक सपाट, निचऱ्याची, कुंपण नसलेली जमीन, जिच्यावर वर्षाचे तीनशे दिवस मंडप पडणार नाही, एवढी मिळाली तरी पुष्कळ. आणि ती मिळेपर्यंत शापूरजींप्रमाणे अर्जांमागून अर्ज करीत राहणे हे येथील वडीलधाऱ्या मंडळींचे काम आहे. संकुलाच्या पुढच्या सभेत त्या पाटीचा विषय आम्ही पुन्हा काढणार आहोत. काचेचा खर्च वर्गणीतून भरता येईल.